नाव देवगडचे, नफा कोणाचा?

वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्यांची रांग लागू लागली की भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आंब्याविषयीच्या उपदेशाचाही हंगाम सुरू होतो. आयुष्यात एकदाही कलमावर चढले नसतील असे गृहस्थ आपापल्या खुर्चीत बसून कोकणच्या बागायतदाराला व्यापार शिकवू लागतात. कोणी म्हणतो, कोकणी माणूस आळशी, त्याला आपला माल विकता येत नाही. कोणी म्हणतो, आता इंटरनेट आले, दलाल संपला, शेतकऱ्याने रडगाणे थांबवावे. तिसरा अधिक विद्वान असतो. त्याच्या मते माल पिकविण्यात वा घडविण्यात पैसा राहिलेलाच नाही, पैसा आहे तो 'ब्रँड'मध्ये. ज्याने खोका सुंदर छापला तो जिंकला. हे सारे सहज, जाता जाता, दोन ओळींत लिहिले जाते, आणि सहज लिहिले जाते म्हणूनच ते फार दूर पोहोचते. आपल्या शाखांच्या बैठकांतूनही हल्ली तरुण कार्यकर्ते हीच वाक्ये उच्चारताना आढळतात. तेव्हा त्यांची तपासणी करणे अगत्याचे झाले आहे, आणि त्यासाठी जामसंड्यासारखे दुसरे ठिकाण नाही.

देवगडला लागून असलेले हे गाव. आज देवगड-जामसंडे ही एकच नगरपंचायत आहे. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेचे कार्यालय येथेच. 'देवगड हापूस' हे सात अक्षरांचे नाव मुंबई-पुण्यात आणि परदेशात ज्या किमतीला विकले जाते, ती किंमत मुळात घडते कशी, हे येथील कातळावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ब्रँडच्या पंडितांनी एकदा मे महिन्याच्या दुपारी येथे येऊन पाहावे. जांभ्या दगडात पहारीने, सुरुंगाने खड्डे पाडायचे, दुरून माती आणून ते भरायचे, कलम लावायचे, आणि कोवळ्या कलमांना पहिली काही वर्षे उन्हाळाभर पाणी वाहून घालायचे, अशा रीतीने या बागा उभ्या राहिल्या आहेत. हापूस तर मुळात लहरी झाड. एक वर्ष लगडेल, पुढच्या वर्षी पाठ फिरवील. त्याला दरसाल धरायला लावण्यासाठी संजीवक घालावे लागते, त्याचा खर्च निराळा. मोहोर आला की तुडतुडे, गेली काही वर्षे फुलकिडे, फवारणीमागून फवारणी. थंडी लांबली तर मोहोरावर मोहोर येऊन आधीची कैरी गळते. ऊन चढले तर फळ भाजते. अवकाळी पाऊस आला तर करपा. एवढ्यातून वाचलेले फळ देठासकट झेल्याने उतरवायचे, चीक लागू द्यायचा नाही, वजनाप्रमाणे निवडायचे, पेंढ्यात आढी लावायची, पेटी भरायची. आणि इतके करूनही कापल्यावर आत साका निघाला तर शिवी बागायतदारालाच.

यातला नूतन झेलासुद्धा कोण्या उद्योजकाच्या कल्पकतेतून आलेला नव्हे. तो दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने दिला. अमेरिकेचा बाजार जवळजवळ अठरा वर्षे बंद होता. तो २००७ साली उघडला तेव्हा त्या देशाच्या अटीप्रमाणे फळावर विकिरण प्रक्रिया झाली ती लासलगावी, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ज्ञानावर उभ्या राहिलेल्या केंद्रात. युरोपीय संघाने २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीच्या कारणावरून आयात थांबविली, आणि ती पुन्हा सुरू झाली ती सरकारी यंत्रणेने तपासणीची व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यानंतर. ज्याला हल्ली 'ब्रँड मूल्य' म्हणतात, त्याच्या पायात शेतमजुराचा घाम, बागायतदाराचे कर्ज आणि समाजाने पोसलेले विज्ञान अशा तीन विटा आहेत. खोका छापणाऱ्याने वर रंग दिला. रंगाची मजुरी त्याला मिळावी, याविषयी आमची तक्रार नाही. तो घरमालक कसा झाला, एवढेच आम्ही विचारतो.

आता 'दलाल संपला' या घोषणेकडे वळू.

वाशीच्या अडत्याची बाजू घेण्याचे आम्हांला कारण नाही. हंगामाच्या आधी त्याच्याकडून आगाऊ उचल घ्यायची, त्या उचलीपोटी सारा माल त्याच्याच गाळ्यावर पाठवायचा, आणि मग पट्टी येईल तेव्हा त्यात हमाली, तोलाई, वाहतूक, सडके फळ अशा नाना नावांनी काय काय कापले गेले ते वाचीत बसायचे, हा अनुभव कोकणातल्या पिढ्यांनी घेतला आहे. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हाही उचलीचा फास सुटला नाही. कारण फवारणीच्या दिवसांत रोख पैसा देणारा दुसरा कोणी पुढे आला नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत मात्र एक नवीन गोष्ट घडली. बाजार विस्कळीत झाला, फळ झाडावर पिकू लागले, आणि बागायतदारांनी दूरध्वनीवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांशी थेट संबंध जोडून गाड्या पाठविल्या. हा अनुभव मोलाचा होता, आणि त्याचे श्रेय तंत्राला निःसंशय आहे. जामसंड्याच्या संस्थेने तर त्याच्याही आधीपासून स्वतःच्या संकेतस्थळावरून विक्री चालविली होती.

परंतु भांडवल मोकळी जागा फार काळ मोकळी ठेवीत नाही. पाठोपाठ मोठ्या विक्रीमंचांनी आणि दहा-वीस मिनिटांत घरपोच देण्याच्या व्यवसायांनी आंब्याचा हंगाम आपल्या ताब्यात घेण्यास आरंभ केला. 'शेतातून थेट घरात' ही घोषणा आज सर्वांत मोठ्या अक्षरांत तेच छापतात. या 'थेट' रस्त्यावर किती नाकी आहेत ते पाहा. यादीत नाव यावे म्हणून शुल्क, यादीत वर दिसावे म्हणून जाहिरातीचे पैसे, विक्रीवर टक्केवारी, साठवणीचा आकार, ग्राहकाने परत केलेल्या फळाचा भुर्दंड, आणि पाच ताऱ्यांपैकी किती मिळाले यावर पुढच्या वर्षीचे भवितव्य. जुना अडत्या निदान माणूस होता. त्याच्या गाळ्यावर जाऊन बसता येत होते, भांडता येत होते, पुतण्याच्या लग्नाचे निमंत्रण देऊन चार रुपये वाढवून घेता येत होते. नव्या अडत्याला चेहरा नाही. त्याचा दर एका गणितातून ठरतो, ते गणित गुप्त आहे, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची तर तीही त्याच्याच पडद्यावर. शिवाय जुना अडत्या उचल तरी देत होता! नवा मंच फवारणीला दमडी देत नाही. १६-१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले आणि झाडावरचे फळ जमिनीवर आले, तेव्हा त्या नुकसानीत कोणत्या मंचाने आपला वाटा उचलला? जोखीम सारी कातळावर आणि टक्केवारी सारी पडद्यावर, अशी ही वाटणी आहे.

या व्यवस्थेचे दुसरे टोक मुंबईत आहे आणि तेही आपलेच आहे. ज्या कोकणी माणसाचा आजा गिरणगावात साच्यावर उभा राहिला, १९८२ च्या संपानंतर ज्याचे घर मोडले, त्याचा नातू आज दुचाकीवर पाठीला पिशवी बांधून त्याच मुंबईत आंब्याचा खोका पोहोचवीत फिरतो. गिरणीत निदान हजेरीपट होता, युनियन होती. या मुलाला मालक कामगार म्हणतच नाही, 'भागीदार' म्हणतो. सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांचा प्रथमच उल्लेख झाला. ती संहिता २०२० साली संमत झाली आणि अंमलात येण्यास २१ नोव्हेंबर २०२५ उजाडले. तरी त्यातूनही त्याला किमान वेतनाचा हक्क मिळालेला नाही. आंबा पिकविणारा बाप आणि आंबा पोहोचविणारा मुलगा यांच्यामध्ये जो बसला आहे, त्याला दलाल म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

नावाच्या चोरीचा प्रश्न याच ठिकाणी येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळापुरते 'हापूस' हे नाव भौगोलिक मानांकनाने राखून ठेवण्यात आले. जामसंड्याची संस्था या मानांकनाच्या नोंदणीकृत धारकांपैकी एक आहे. तरीही दर हंगामात कर्नाटकातून व अन्य भागांतून येणारे फळ देवगडच्या नावाच्या खोक्यात भरले जाते आणि तसेच विकले जाते. यावर समाजमाध्यमांत जो कोलाहल उठतो तो मात्र भलत्याच दिशेने जातो. 'कानडी आंबा' अशी शिवी तयार होते, हातगाडीवाल्याचे चित्रण करून ते गावभर फिरविले जाते, आणि देशभक्ती व प्रांतभक्ती एकदम उफाळून येते. आम्हांला या ठिकाणी स्पष्ट बोलले पाहिजे. धारवाड-बेळगावकडचा आंबा उत्पादक आपला शत्रू नाही. त्याच्या फळाला देवगडचे नाव लावून जो भाव मिळतो, त्यातला एक पैसा त्याच्या हाती पडत नाही; तो स्वस्तात विकतो, खोका बदलणारा महागात विकतो. एकाचे नाव चोरले जाते आणि दुसऱ्याचे फळ. चोर दोघांच्या मध्ये आहे. हातगाडीवाला तर या साखळीतला शेवटचा आणि सर्वांत दुबळा दुवा. त्याला चार शिव्या देणे फार सोपे आहे. त्याच नावाची खोटी जाहिरात जेथे पैसे घेऊन ठळकपणे दाखविली जाते, त्या मंचाला कोणी प्रश्न विचारीत नाही, कारण शिव्याही त्याच भ्रमणध्वनीवरून द्यावयाच्या असतात.

या मंचांचा कायदेशीर पवित्रा ठरलेला आहे. आम्ही विक्रेते नाही, आम्ही केवळ जागा दिली. मालाची जबाबदारी विकणाऱ्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने मध्यस्थाला जे संरक्षण दिले, त्याची ढाल करून हे बोलले जाते. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याने खोटे नाव लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास ठरविला होता. परंतु हा कायदा खोका भरणाऱ्यावर रोखलेला आहे. खोक्याच्या खोट्या नावावर टक्केवारी घेणारा त्याच्या नजरेआड राहतो. जो प्रत्येक विक्रीवर कमाई करतो, कोणता माल वर दाखवायचा हे ठरवितो, त्याची जाहिरात करतो आणि स्वतःच्या गोदामातून तो पाठवितो, त्याने स्वतःला निव्वळ जागेचा मालक म्हणवून घेणे हा विनोद आहे.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे आमच्या कार्यकर्त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. साधे व्यापारचिन्ह विकता येते, भाड्याने देता येते. भौगोलिक मानांकन मात्र विकता येत नाही, त्याचा परवाना दुसऱ्याला देता येत नाही, ते गहाणही ठेवता येत नाही. २४ व्या कलमाने ते स्पष्टपणे निषिद्ध केले आहे. खाजगी मालकीवर उभ्या असलेल्या आपल्या कायदेसंग्रहात समूहाच्या मालकीची, बाजारात न येणारी अशी एक मालमत्ता संसदेने निर्माण करून ठेवली आहे! 'ब्रँड'च्या भक्तांना हे रुचणार नाही. देवगड हे नाव कोणा एका हुशार माणसाचे होऊ शकत नाही. ते त्या भूमीवर राबणाऱ्या सर्वांचे आहे आणि तसेच राहील, हे कायद्याचेच म्हणणे आहे.

समूहाची संघटित मालकी नसेल तर काय होते, हे कोल्हापुरी चपलेने नुकतेच दाखविले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला कोल्हापूरचे नावही न घेता मांडल्या. इंटरनेटवर संताप उसळला, कंपनीला मूळ कबूल करावे लागले. येथवर त्या संतापाचे काम चोख झाले, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे? मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली; मानांकनाचे नोंदणीकृत धारक वेगळे आहेत, याचिकाकर्त्यांचा अधिकार पोहोचत नाही, असे ठरले. ते धारक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. डिसेंबरात त्यांच्याशी कंपनीने करार केला, २,००० जोड घडवून घेऊन आठशे युरोच्या आसपास विकण्याचा. आठशे युरोंतून शिवणाऱ्या हाताला काय मिळणार, या प्रश्नावर मात्र तो जूनमधला कोलाहल पुन्हा उठला नाही. तोवर लोक दुसऱ्या कशावर तरी रागावले होते. (जाता जाता नमूद करावेसे वाटते की ते मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकाने मिळून घेतले आहे. प्रांताभिमान्यांनी त्याचाही थोडा विचार करावा.)

जामसंड्याच्या संस्थेची स्थिती या बाबतीत अधिक बळकट आहे, कारण ती स्वतःच धारक आहे. २०२५ च्या हंगामापासून तिने प्रत्येक फळावर एक विशिष्ट क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा उपक्रम सुरू केला. क्रमांकाचा काही भाग वर, काही भाग खाली. पट्टी काढली की ती फाटते, म्हणून पुन्हा वापरता येत नाही. ग्राहकाने तिचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविले, मागच्या भागाचा क्रमांक दिला, की ते फळ कोणाच्या बागेतले, कोणत्या गावचे हे कळते. पट्ट्या झाडांच्या संख्येच्या मानाने दिल्या जातात, म्हणजे शंभर कलमांच्या मालकाला हजार कलमांचा माल आपल्या नावावर खपविता येऊ नये. हा उपाय कल्पक आहे, सहकारी आहे, आणि आम्ही त्याचे मनःपूर्वक स्वागत करतो. 'कोकणी माणसाला विकता येत नाही' असे लिहिणाऱ्यांनी आपले शब्द गिळावेत, असा हा उपाय आहे.

तथापि स्वागत केले म्हणजे डोळे मिटले असे नव्हे. या पट्टीने बागायतदाराची प्रत्येक कैरी मोजली जाते. मंचाचा मात्र एकही आकडा मोजला जात नाही. देवगडच्या नावाने त्याने किती डझन विकले आणि त्यासाठी किती डझनांच्या पट्ट्या त्याच्याकडे आल्या होत्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले तर चोरी तत्क्षणी उघडी पडेल. ते ठेवण्याची सक्ती कोणी करीत नाही. उलट फळाफळावर पट्टी चिकटविण्याचे जे जादा काम वाढले, ते बहुतेक ठिकाणी माल निवडणाऱ्या बायाबापड्यांच्या त्याच रोजात बसविले गेले आहे. शिवाय मानांकनाखाली स्वतःची नोंदणी केलेले बागायतदार अजून सर्वांच्या मानाने थोडेच. कागदपत्रांच्या जंजाळात, सामायिक सातबाऱ्यावर वीस नावे असलेला लहान शेतकरी मागे राहतो. बाग कराराने घेणारा तर सातबाऱ्यावर नसतोच. ज्या नावाचे रक्षण करावयाचे ते काही मोठ्या बागांचे नाव होऊन बसले, तर सहकाराचा अर्थ काय उरला?

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. देवगडच्या बागा रात्री जागून राखतो तो नेपाळी गडी, कुटुंबासह बागेतल्या खोपटात राहतो. फवारणीचे विष नाकातोंडात घेतो तोही बहुधा तोच. त्याचे नाव कोणत्याही पट्टीवर येत नाही, कोणत्याही संस्थेच्या सभासदयादीत नाही, आणि अपघात झाला तर कोणत्या कार्यालयात जावे हे त्याला ठाऊक नाही. दलालाच्या नावाने बोटे मोडणारा बागायतदार स्वतःच्या गड्याचा मालक असतो, हे विसरून चालणार नाही. नावाची किंमत वाढली तर त्या वाढीत त्याचा हिस्सा असलाच पाहिजे. हे मागणे बागायतदारांना रुचणार नाही याची आम्हांला जाणीव आहे, आणि निवडणुकीच्या हिशेबाने ते गैरसोयीचेही आहे.

'पिकविणे सोडा, कारखाने काढा' असा सल्ला देणाऱ्यांसाठी फक्त एवढेच. डागी, लहान, पडलेले फळ कॅनिंगला जाते. त्याचा दर किलोवर ठरतो, आणि तो ठरविताना बागायतदाराला कोणी विचारीत नाही. कारण पडलेले फळ दोन दिवस थांबत नाही हे खरेदीदाराला पक्के ठाऊक असते. हाच रस पुढे डब्यात, बाटलीत, आइस्क्रीमात दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. कारखाना हवाच, प्रश्न त्याच्या मालकीचा आहे. मधू दंडवत्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केलेली कोकण रेल्वे १९९८ साली सर्व मार्गावर धावू लागली, आणि तरीही देवगडचा आंबा बहुतांशी ट्रकनेच घाट चढतो. साधन आले म्हणजे ते आपोआप उत्पादकाच्या हाती येते, या समजुतीला एवढा एक दाखला पुरे. रेल्वेचे जे झाले तेच इंटरनेटचे होऊ घातले आहे.

तेव्हा करावयाचे काय? मानांकनातील नाव वापरून माल विकणाऱ्या प्रत्येक मंचावर नोंदणीकृत उत्पादकाचा क्रमांक दाखविल्याखेरीज विक्रीस बंदी असावी, आणि हंगामाअखेर त्या नावाने विकलेल्या मालाचा आकडा धारक संस्थेस देण्याची सक्ती असावी, यासाठी केंद्र सरकारकडे मागणी गेली पाहिजे. ती मागणी एकट्या देवगडने न करता कोल्हापूरचे चर्मकार, सोलापूरचे चादर विणकर आणि दार्जिलिंगचे चहामजूर यांच्यासह करावी. दुखणे सर्वांचे एकच आहे. वसुली झालेल्या दंडाचा भाग उत्पादकांच्या व मजुरांच्या निधीत जावा. आणि हे सारे दिल्लीवर ढकलण्याआधी जामसंड्यातच करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात. आमचे जे सहकारी संस्थेचे सभासद आहेत, त्यांनी या सभेत दोन ठराव मांडावेत. पहिला, कोणत्या गावाला किती पट्ट्या दिल्या याची यादी दर हंगामात जाहीर फलकावर लावावी. दुसरा, पट्टी घेणाऱ्या प्रत्येक बागायतदाराने आपल्या बागेतील गड्यांची व मजुरांची नावे संस्थेकडे नोंदवावीत आणि प्रत्येक पट्टीमागे ठरावीक रक्कम त्यांच्या विम्यासाठी बाजूला ठेवावी. ठरावाला अनुमोदक मिळविण्याचे काम आतापासून, म्हणजे पावसाळ्यात बागायतदार घरी सापडतात तेव्हाच, सुरू करावे लागेल.